अप्पांच्या पाठीत अल्कोहोल

"मॅडम, इनो अप्पा कुछ निगले क्या?" रफिकभाईंनी स्क्रीनवरची नजर न हटवता विचारलं.

स्क्रीनवर पाठीचा कणा दिसायला हवा होता. दिसत होता, पण अर्धाच. मला जिथे सुई न्यायची होती, नेमक्या त्याच जागी एक काळाकुट्ट, गोलसर डाग ठाण मांडून बसला होता. गाठ अशी दिसत नाही. हाडही असं दिसत नाही. इतक्या स्वच्छ कडांचा काळा डाग म्हणजे धातूच.

पेशंट टेबलावर पालथे झोपलेले होते. पाठ निर्जंतुक करून झाली होती, हिरवी कापडं अंथरली होती आणि मी ग्लोव्हज घालून तयार. रफिकभाई आमचे सी-आर्म चालवणारे टेक्निशियन. सी-आर्म हे कमानीसारखं वाकलेलं एक्स-रे मशीन असतं. सुई आत कुठवर गेली ते त्यावर लगेच दिसतं. मी आधी संशय मशीनवरच घेतला. रफिकभाईंनी काच पुसली, मशीन थोडं सरकवलं, पुन्हा चित्र घेतलं. डाग जिथल्या तिथे.

"मशीन को कुछ नक्को बोलो मॅडम. मशीन बरोबर हय."

मी खाली वाकून विचारलं, "अप्पा, तुम्ही काही गिळलंय का? नाणं, बटण, असलं काही?"

"चहासुदिक न्हाई घेतला," खालून आवाज आला. "तुमीच म्हनलात, उपाशी या."

मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या आधी पेशंटला भूल देते. पुढे पेन मॅनेजमेंटचं, म्हणजे दुखण्यावरच्या उपचारांचं वेगळं शिक्षण घेतलं आणि परभणीत तशी पाटी लावली. पाटी लागल्याबरोबर गावोगावचे गुडघे माझ्याकडे आले. अजूनही गुडघेच जास्त येतात. अप्पांसारखा पेशंट क्वचित.

अप्पा सोनपेठचे कापड दुकानदार. लिंगायत घर, जुनं दुकान, पंचक्रोशीतलं गिऱ्हाईक. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला होता आणि तो ऑपरेशनच्या पलीकडे गेला होता. स्वादुपिंड पोटात अगदी मागे, कण्याला टेकून असतं. त्यामुळे त्याचं दुखणं पोटातून थेट पाठीत आरपार जातं. माणसाला उताणं झोपवत नाही, ताठ बसवत नाही. पुढे वाकून, पोटाशी उशी दाबून धरली की जरा बरं वाटतं. अप्पा माझ्या ओपीडीत आले ते उशीसकट. सोनपेठहून जीपमध्येही ती उशी सोडली नव्हती.

मॉर्फिनच्या गोळ्या चालू होत्या. त्यांनी दुखणं निम्मं व्हायचं, पण दिवसभर गुंगी आणि पोट गच्च.

"वरून माल यायलाय, खालून उठावच न्हाई," अप्पा म्हणाले. "दुकान असतं तर एव्हाना बंद पडलं असतं."

मी हसले. तेही हसायला गेले आणि निम्म्यातच उशीवर वाकले. बराच वेळ वर आलेच नाहीत. त्यांच्या मुलाने, महेशने, पाठीवर हात ठेवला.

"असं होतंय बगा," डोकं वर करून अप्पा म्हणाले. "हसलं की आत कुनीतरी कापडाचं थानच्या थान टराटरा फाडतंय. आमचं दुकान काय मालावर चालत न्हाई मॅडम. हसन्यावर चालतंय. गिऱ्हाईक हसलं की घासाघीस इसरतंय."

मग महेशने घरातली परिस्थिती सांगितली. अप्पांना हसू येऊ नये म्हणून आईने, गिरिजाबाईंनी, घरात हसण्यावरच बंदी आणली होती. टीव्ही बंद. एक नकलाकार मेहुणा होता, त्याला तर 'बरं वाटेपर्यंत येऊ नका' असा निरोप गेला होता. दुकानातल्या नोकरांनाही मालकासमोर तोंड पाडून उभं राहायची ताकीद होती.

"सुतक पडल्यावानी घर झालंय," अप्पा म्हणाले, "आन् मी तर अजून जित्ता हाय. किती जगनार ते मी इचारत न्हाई. मला एकदा मोकळं हसायचंय. तेवडं जमंल का, ते सांगा."

असली मागणी माझ्याकडे कधी आली नव्हती. पेशंट झोप मागतात, जेवण मागतात, देवाला जाऊन येण्याइतकी ताकद मागतात. मी म्हटलं, प्रयत्न करू. त्यांना नर्व्ह ब्लॉक समजावून सांगितला. जठर, यकृत, स्वादुपिंड, या सगळ्यांची दुखण्याची खबर मेंदूकडे नेणाऱ्या नसा कण्याच्या पुढच्या बाजूला एका ठिकाणी गोळा होतात. त्या जाळ्याला सीलिअॅक प्लेक्सस म्हणतात.

"तुमचं पूर्णा जंक्शन समजा," मी म्हटलं. "सगळ्या गाड्या तिथूनच जातात. आपण जंक्शनच बंद करायचं. कॅन्सर तिथेच राहील, पण त्याची बोंब वर पोचणार नाही."

"बंद कशानं करनार?"

"अल्कोहोलनं. पाठीतून लांब सुया घालून त्या जाळ्याभोवती सोडायचं. नसा निकामी होतात. काही महिने आराम मिळतो."

बापाने मुलाकडे पाहिलं, मुलाने दाराकडे पाहिलं. गिरिजाबाई खाली मेडिकलमध्ये गेल्या होत्या.

"म्हंजे दारू?" अप्पांनी आवाज खाली आणून विचारलं.

"दारूत जे असतं तेच. पण हे शुद्ध, औषधाचं. आणि पोटात नाही, पाठीत."

महेश खुर्ची पुढे सरकवून कुजबुजला, "मॅडम, हा शब्द आईसमोर नका काढू. आई खोकल्याचं औषधसुद्धा लेबल वाचून आणते. करोनात सॅनिटायझरला हात लावला नाही तिनं. शेवटपर्यंत साबणानंच हात धुतले."

मी स्पष्ट सांगितलं की सही पेशंटची लागते, बायकोची नाही, पण लपवाछपवी मला आवडत नाही. त्यांना सांगा. अप्पा म्हणाले, "सांगतो की. सवडीनं." मी धोकेही सांगितले. बीपी एकदम खाली येतं, जुलाब होतात, आणि फार क्वचित पायांतली ताकद जाऊ शकते. जुलाब म्हटल्यावर अप्पांचा चेहरा उजळला. "ह्याला धोका म्हंतेत व्हय?" असं म्हणून त्यांनी सही ठोकली. तेवढ्यात गिरिजाबाई आल्या. काय ठरलं, असं त्यांनी विचारलं. महेश म्हणाला, "पाठीत औषध देणार आहेत." यात खोटं काहीच नव्हतं.

तर आता टेबलावर अप्पा आणि स्क्रीनवर काळा डाग. मी रफिकभाईंना मशीन आडवं फिरवून बाजूने चित्र घ्यायला सांगितलं. बाजूने पाहिल्यावर डाग शरीराच्या आत नव्हताच. तो पोट आणि खालची उशी यांच्या मधोमध होता. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अप्पा, गळ्यात लिंग आहे का?"

"हाय की. असनारच."

"मग सिस्टरनी विचारलं तेव्हा अंगावर दागिना नाही म्हणालात?"

"ते दागिना हाय व्हय?" अप्पांना खरोखर नवल वाटलं होतं.

लिंगायत माणूस आपलं इष्टलिंग छोट्या डबीत घालून, दोऱ्यात ओवून अंगावर बाळगतो. ते त्याचं स्वतःचं. काढून ठेवायचं नसतं, आणि दुसऱ्या कुणी हात लावायचा नसतो. अप्पांची डबी चांदीची होती, दोरा चांगला लांब होता. ओपीडीत पुढ्यात कायम उशी. पोट तपासायला उशी बाजूला केली तेव्हा त्यांनी डबी मुठीत धरली होती, आणि मला वाटलं होतं की दुखतंय म्हणून मूठ आवळलीय. पालथं झाल्यावर ती घसरून नेमकी जंक्शनवर येऊन थांबली होती.

मंगल सिस्टर कापडाखाली हात घालायला गेल्या.

"थांब माय, हात लावू नको," अप्पा घाईने म्हणाले. "मीच घेतो."

पालथ्या माणसाने, तेही पोटात असं दुखत असताना, स्वतःच्या पोटाखालून डबी ओढून काढायची म्हणजे काही खेळ नाही. अप्पांनी दात आवळले, डावा हात आत घातला, कण्हले, थांबले, पुन्हा सरकवला. आम्ही तिघं नुसते बघत उभे. अखेर डबी छातीखालून वर आली आणि डोक्याजवळ त्यांच्या डाव्या तळहातावर विसावली.

"पूजेला असंच धरतो," धापा टाकत ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या हितं. आता मी हालत न्हाई."

रफिकभाईंनी चित्र घेतलं. मणके काढून ठेवल्यासारखे स्वच्छ. माझ्या मनात मात्र एक शंका वळवळत होती. सुरुवात करण्याआधी मी त्यांच्या कानाशी वाकले.

"अप्पा, आत काय सोडणार ते ठाऊक आहे ना? हातात हे आहे. चालेल तुम्हाला?"

"याला सकाळी पूजेतच सांगून ठिवलंय," अप्पा म्हणाले. "तिला सांगायचं राह्यलंय."

मंगल सिस्टरच्या मास्कमधून फुस्स असा आवाज आला. रफिकभाई एक्स-रेपासून बचावाचा जड शिशाचा एप्रन घालून होते. तो एप्रनसुद्धा गदगदा हलत होता. मी दोघांना दटावलं. कण्याच्या पुढेच महाधमनी असते, शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, आणि मला तिच्या शेजारी जाऊन थांबायचं होतं. तिथे कुणाच्या हसण्याला जागा नाही, माझ्या तर नाहीच नाही.

कातडी बधिर केली. एका बाजूने सुई, मग दुसऱ्या बाजूने. थोडी आत, चित्र, आणखी थोडी, पुन्हा चित्र. सुया जागेवर पोचल्या. एक्स-रेत दिसणारा रंग सोडून पाहिला, तो हवा तसाच पसरला. रक्तात गेला नाही. मग नुसतं बधिर करणारं औषध दिलं. ही चाचणी. यात आराम पडला आणि पाय नीट हलले, तरच पुढे अल्कोहोल.

आम्ही थांबलो. पायांची बोटं हलवून झाली. मी विचारलं, "अप्पा, दुखतंय?"

मी पुन्हा विचारलं.

"अप्पा? ऐकू येतंय का? दुखतंय का?"

"थांबा जरा. हुडकायलोय."

"काय हुडकताय?"

"दुखनं," अप्पा म्हणाले. "हितंच होतं की. सापडंना."

आणि त्यांची पाठ हलायला लागली. माझ्या दोन सुयांसकट.

"अप्पा, हसू नका! सुया आत आहेत!"

"मी हसत न्हाई मॅडम. हसू यायलंय."

ज्या माणसाला हसवण्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच्यावर हसू नका म्हणून मीच ओरडत होते. अप्पांनी डाव्या हातातली डबी घट्ट धरली, काहीतरी पुटपुटले आणि पाठ शांत झाली. इतकी शांत की मी मॉनिटरकडे बघून श्वास चालू असल्याची खात्री केली. मग थेंबाथेंबाने अल्कोहोल सोडलं. क्षणभर आग झाली असणार, तरी माणूस हलला नाही. सुया काढल्या, पट्ट्या लावल्या.

"झालं?" अप्पांनी विचारलं.

"झालं."

"आता?"

"आता हसा."

अप्पा हसले. आधी उशीत तोंड खुपसून, मग मान वर करून, मग अख्खं थिएटर दणाणून सोडत. कशाला हसत होते कुणास ठाऊक. मग मंगल सिस्टर सुटल्या, रफिकभाई भिंतीला टेकले. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पुसता येत नव्हतं, कारण ग्लोव्हज हातात होते. या कामात इतका आनंद मला फार वेळा झालेला नाही.

हसणं बाहेर गिरिजाबाई बसल्या होत्या त्या बाकापर्यंत गेलं. अप्पांना रिकव्हरी रूममध्ये नेल्याबरोबर गिरिजाबाई आत आल्या, मागे महेश. अप्पांचा चेहरा लाल झाला होता आणि हसण्याचा शेवट अजून व्हायचा होता.

"गिरजे," ते म्हणाले, "घरी गेल्यावर भाकर आन् ठेचा कर. झनझनीत कर."

आणि आनंदाच्या भरात, पडून राहायला सांगितलेलं विसरून, उठून बसले. बसले आणि डोलायला लागले. महेशने धरलं म्हणून ठीक. यात नवल काही नव्हतं. त्याच नसा पोटातल्या रक्तवाहिन्या आवळून धरतात. नसा गेल्या की रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी घसरतं, उठलं की गरगरतं. सलाइन त्यासाठीच चालू होतं. पण गिरिजाबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या हवेत वास घेत होत्या.

"महेश, वास कशाचा यायलाय?"

"औषधाचा."

"कोन्त्या औषधाचा?"

महेशने माझ्याकडे पाहिलं. मी मॉनिटरकडे पाहिलं. मॉनिटर काही बोलला नाही. "अल्कोहोल," महेश म्हणाला, इतक्या हळू की नसता म्हणाला तरी चाललं असतं.

"पाजली!" गिरिजाबाईंनी कपाळावर हात मारला. "ह्यांना दारू पाजली! कारन नसताना हसायलेत, झोकांड्या खायलेत, ठेचा मागायलेत. आजून काय ऱ्हायलं?"

खरं सांगते, पुरावा भक्कम होता. मी बीपी समजावलं, नसा समजावल्या. सुईतून गेलेलं इतकं थोडं की त्याची नशा कसली, हेही सांगितलं.

"डॉक्टरबाई, तुमी पिताडाची बाजू घेऊ नका," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता. त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. त्यांना वाटत होतं की शेवटचे दिवस आहेत आणि माणूस शुद्धीत उरला नाही.

ते अप्पांना आधी कळलं. ते आडवे झाले, हसणं थांबवलं आणि हात पुढे केला. "हिकडं ये."

त्या पलंगाजवळ गेल्या. अप्पांनी त्यांचा पदर दोन बोटांत धरला, डोळे मिटले आणि अंगठ्याने पोत चोळला. माझ्यासमोरचा पेशंट गेला आणि गादीवरचा दुकानदार आला.

"हा माल आपला न्हाई," अप्पा म्हणाले.

गिरिजाबाई पदर सोडवू लागल्या.

"ह्या पोताचं कापड आपल्याकडं येतच न्हाई. काठ बी आपला न्हाई. परभनीतली हाय ही साडी. कधी घेतली?"

कापड दुकानदाराच्या बायकोने दुसऱ्याच्या दुकानातून साडी घ्यायची म्हणजे हलवायाच्या बायकोने विकतचे पेढे खाण्यासारखं. गिरिजाबाईंचा चेहरा पार उतरला. दुखण्यात बुडालेल्या माणसाला काय दिसणार, अशा भरवशावर त्यांनी ती आज नेसली होती.

"मागल्या खेपेला," त्या म्हणाल्या. "तुमचा स्कॅन चालू होता तवा."

"मी स्कॅनमदी आन् तू साडी घ्यायलीस?"

"रडू यायलं होतं," गिरिजाबाई म्हणाल्या. "हितं दवाखान्यात समदी बगत्यात. बाहेर गेले, समोर दुकान दिसलं. आत जाऊन गादीवर बसले, साड्या उलगडायला लावल्या आन् मान खाली घालून रडून घेतलं. गादीवर बसल्यावर साडी न घेता कसं उठावं? आपन दुकानदार."

मग अप्पांच्या पोटातून एक बारीक आवाज निघाला, तो वाढत गेला आणि ते पुन्हा हसायला लागले, पदर बोटांत तसाच धरून. "रडायला... दुसऱ्याच्या दुकानात..." एवढंच त्यांना जमत होतं. गिरिजाबाईंनी आधी त्यांच्या हातावर एक चापट मारली आणि मग त्याही हसल्या. डोळे पुसत, पदर ओढत, हसतच राहिल्या. महिनोन्‌महिने बंद केलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"शुद्धीत हायती," शेवटी त्यांनी मला निर्णय सांगितला.

पुढचं थोडक्यात. बीपी सलाइनवर सावरलं. दोन दिवसांनी महेशचा फोन आला की जुलाब लागलेत आणि अप्पा फार खूश आहेत. मॉर्फिन बरंच कमी झालं, गुंगी गेली, उशी सुटली. ते दुकानात जाऊन बसू लागले. मेहुण्याला सन्मानाने बोलावणं गेलं. कॅन्सर कुठे गेला नव्हता. नंतरच्या दिवसांत दुखणं थोडं परत आलं, गोळ्यांत भागण्याइतकं. पुढे अप्पा सोनपेठला, स्वतःच्या घरीच वारले. मला वाईट वाटलं, पण त्यांची आठवण आली की अजूनही आधी हसूच येतं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका सकाळी ओपीडीबाहेर मोठा आवाज ऐकू आला. दार उघडून पाहिलं तर गिरिजाबाई. नात्यातल्या एका बाईंना घेऊन आल्या होत्या. त्या बाई पोटाशी गोधडीची घडी दाबून बाकावर वाकून बसल्या होत्या, आणि गिरिजाबाई त्यांच्यासमोर उभ्या राहून समजावत होत्या.

"पाठीतून सुया घालतेत. त्याच्यात दारू ऱ्हाती, आत्ताच सांगून ठिवते, मागून बोंबलायचं न्हाई. भ्यायचं बी न्हाई. घरात समद्यांना सांगून मग सही करायची."

"दारू?" त्या बाईंनी घाबरून विचारलं.

"व्हय, दारू. आमच्या सात पिढ्यांत कुनी शिवली न्हाई," गिरिजाबाई म्हणाल्या. "पन आमचे अप्पा जाईपातूर हसले."

मला पुढे समजावण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हापासून माझा एक नियम आहे. सही पेशंटची घ्यायची, पण 'अल्कोहोल' हा शब्द आधी बायकोला सांगायचा, आणि तो आपल्या तोंडाने.